फाटक ते खिडकी

दवाखान्याच्या तळघरात फाइली सांभाळणाऱ्या बाईंना सगळे चौकशीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. पूर्वी त्या वर, नोंदणीच्या खिडकीत बसायच्या. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला त्या इतके प्रश्न विचारायच्या की रांग जागची हलायची नाही. एका आजोबांचा गुडघा कधीपासून दुखतो हे विचारता विचारता त्यांनी त्यांच्या धाकट्या सुनेच्या माहेरापर्यंत मजल मारली होती. शेवटी हेडक्लार्क साहेबांनी कोपरापासून हात जोडले आणि त्यांची बदली तळघरात केली. तिथे लोखंडी कपाटं होती, धूळ होती, आणि फाइलींना कितीही प्रश्न विचारले तरी मागे कुणी खोळंबत नव्हतं.

जित्याची खोड मात्र तळघरात गेली म्हणून जात नाही. हाती लागेल तो कागद वाचल्याशिवाय बाई खाली ठेवत नसत. पुडीचा कागद असो, औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरातली घडी असो, नाहीतर मागच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याची वही असो. ही वही दर महिन्याला भरली की ठेवायला तळघरात यायची. कोण आलं, किती वाजता आलं, कुठून आलं, किती वाजता गेलं, एवढंच तिच्यात असायचं. जगात दुसऱ्या कुणीही ती वाचली नसेल.

त्या सोमवारी बाईंसमोर दोन गोष्टी शेजारी शेजारी पडल्या होत्या. एक ही वही, आणि दुसरी एका बाईची फाइल. फाइल ‘बंद होण्याच्या बेतात’ असलेल्या गठ्ठ्यातली होती. दवाखान्याचा नियम असा होता की दिलेल्या तारखेला दहाच्या आत नोंदवहीत नाव लिहिलं गेलं नाही तर ‘गैरहजर’ असा शिक्का बसायचा. तीन शिक्के बसले की फाइल बंद. मग पुन्हा लहान दवाखान्यात जा, चिठ्ठी आणा, तारखेची वाट बघा. त्यात चार महिने सहज जायचे.

या फाइलवर दोन शिक्के होते. पत्ता होता ‘कचरा डेपोच्या मागे’. वय बेचाळीस. आणि आत डॉक्टरीणबाईंनी लाल शाईने लिहिलं होतं, ‘डाव्या स्तनात गाठ. नमुना ताबडतोब घ्यावा.’ ताबडतोबच्या खाली दोन रेघा ओढलेल्या. तिसरी तारीख येत्या गुरुवारची होती.

आता अशी फाइल बघून कुणीही हळहळलं असतं आणि पुढची फाइल उचलली असती. पण बाईंना तेच नाव आत्ताच कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. त्यांनी पहारेकऱ्याची वही उलटी चाळली. सापडलं. पहिल्या गैरहजेरीच्या दिवशी ती बाई मागच्या फाटकातून आत आली होती ती सात पन्नासला. दुसऱ्या गैरहजेरीच्या दिवशी सात पंचेचाळीसला. आणि दोन्ही दिवशी बाहेर पडली होती साडेदहाच्या पुढे.

बाई खुर्चीवर ताठ बसल्या. जी बाई पावणेआठला आवारात होती, ती दहापर्यंत खिडकीवर पोचली कशी नाही? फाटकापासून खिडकी दोनशे पावलं. मुंगीसुद्धा पोचली असती.

त्यांनी बंद फाइलींचा गठ्ठाच खाली ओढला आणि डेपोमागच्या पत्त्याच्या फाइली वेगळ्या काढल्या. एकोणीस निघाल्या. त्यातली नावं एकेक करून या आणि मागच्या महिन्यांच्या वह्यांत शोधली. दुपारचा डबा तसाच राहिला. एकोणिसातल्या चौदा बायका आपापल्या तारखेला आठच्या आत फाटकातून आल्या होत्या, आणि चौदाच्या चौदा गैरहजर होत्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आपलं आवडतं काम सुरू केलं, म्हणजे लोकांना विचारत सुटल्या.

पहारेकरी म्हणाला, “ताई, आत सोडणं माझं काम. पुढे कोण कुठे जातं ते मी का बघू? मागच्या भिंतीकडे वळतात एवढं खरं.”

“मागच्या भिंतीकडे काय आहे?”

“काय असणार? भिंत आहे.”

हेडक्लार्क साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. “ती माणसं ना? दहा वाजून गेले की उगवतात. खिडकी बंद झाल्यावर ठोठावत बसतात. वेळेचं भानच नाही हो त्यांना.”

गाठींच्या विभागातली सिस्टर जरा भली होती. तिने उसासा टाकला. “घाबरतात बिचाऱ्या. तपासायचं म्हटलं की पाय मागे घेतात.”

सगळ्यांकडे उत्तर तयार होतं. बाईंना तेच खटकलं. इतकी वर्षं प्रश्न विचारून त्यांना एक कळलं होतं, की ज्याला खरंच ठाऊक असतं तो आधी थोडा थांबतो. आणि घाबरणारी बाई पावणेआठला कशाला येईल? ती आलीच नसती. वेळेचं भान नसलेली बाई सव्वादोन तास आधी येते, हे कुठलं शास्त्र?

घरी त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून तो सगळं ऐकत होता, म्हणजे ऐकल्यासारखं करत होता. बाईंनी दोनदा सांगून झाल्यावर तो म्हणाला, “एवढं डोकं कशाला शिणवतेस? गुरुवारी फाटकावर जाऊन उभी राहा आणि तिच्या मागे मागे जा. गिऱ्हाइकाला विचारून का घड्याळाचा बिघाड कळतो? उघडून बघावं लागतं.”

“मागे मागे जाऊ? चोरासारखी?”

“तुला काय नवीन आहे?” तो म्हणाला आणि बाईंनी त्याच्या अंगावर टॉवेल फेकला.

गुरुवारी साडेसातलाच बाई मागच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. सात अठ्ठेचाळीसला ती आली. बारीक चणीची, तळव्यांवर जुन्या कापल्याच्या पांढऱ्या रेघा, काखेत एक कापडी बोचकं. पहारेकऱ्याला तिने नाव सांगितलं तेव्हा बाईंची खात्री पटली. ती नोंदणीच्या खिडकीकडे वळलीच नाही. बॉयलरच्या खोलीला वळसा घालून, चादरी धुवायच्या लाँड्रीच्या मागे, भिंतीकडे गेली. बाई वीस पावलं मागे राहून निघाल्या. असा गुन्हेगारी आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता, आणि तो झाल्याबद्दल थोडी शरमही वाटत होती.

लाँड्रीच्या मागे एक नळ होता. नळापुढे बायकांची रांग होती. सहाजणी होत्या, ही सातवी. प्रत्येकीच्या काखेत बोचकं. एका बाजूला उभा केलेला पत्रा, दुसऱ्या बाजूला दोरीवर टाकलेली जुनी चादर. नळाला पाणी नव्हतं. सगळ्या शांतपणे बसून होत्या, जणू इथे बसायचीच तारीख मिळाली होती.

रांगेतल्या एका पोक्त बाईने चौकशीबाईंना पाहिलं आणि ती म्हणाली, “या, या. तुमचा नंबर आठवा. साबण स्वतःचा आणायचा.”

बाकीच्या हसल्या. ओळख झाली ती अशी. वस्तीत सगळ्या कचरा निवडायचं काम करत, आणि जी जे निवडे त्यावरून तिचं नाव पडे. ही पोक्त बाई पत्रेवाली. पलीकडे कागदवाली. आणि जिच्या मागे बाई आल्या होत्या, ती काचवाली.

चौकशीबाईंनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. “पाणी कधी येतं इथे?”

“सव्वानऊला,” पत्रेवाली म्हणाली. “लाँड्रीच्या चादरींची पहिली खेप उरकली की. तोवर सगळं पाणी ती यंत्रं ओढतात. लाँड्रीवाला बरा आहे, हाकलत नाही.”

“मग घरून का नाही आंघोळ करून येत?”

“पाण्याची गाडी आमच्याकडे येते दुपारी. आणि आदल्या दिवशी जपून ठेवलं, घरी आंघोळ केली, तरी यायची वाट डेपोवरूनच आहे ना, बाई. अर्धा तास त्या ढिगातून चालायचं. इथे पोचेपर्यंत होतं तसंच. करून पाहिलंय आम्ही.”

“पण आठला आलात तर सरळ खिडकीवर जायचं. नाव लिहायचं. आंघोळ नंतर.”

सातही जणींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की बाईंना आपण काहीतरी वावगं बोलून गेल्यासारखं वाटलं.

“आंघोळ केल्याशिवाय खिडकीवर जायचं नाही,” काचवाली म्हणाली. तिचा आवाज हळू होता पण पक्का. “आमच्या वस्तीत नियम आहे तो.”

“कुणी केला नियम?”

“तुमच्याच दवाखान्याने केला.”

आणि मग तिने सांगितलं. सहा वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या जावेला खोकला धरला होता. दोन महिने झाले तरी हटेना. एक दिवस काम अर्धवट टाकून, डेपोवरून तशीच ती इथे आली. रांगेत उभी राहिली. नंबर आला तेव्हा खिडकीतली बाई म्हणाली, मावशी, तेवढी आंघोळ करून या, मागच्यांना त्रास होतोय. जाऊ परत गेली. पाणी मिळवलं, आंघोळ केली, धुतलेले कपडे घातले, पुन्हा चालत आली. खिडकी बंद झाली होती. त्यानंतर ती आलीच नाही. हिवाळा संपायच्या आत गेली.

“तिने मरायच्या आधी सगळ्यांना बजावून ठेवलं,” काचवाली म्हणाली. “दवाखान्यात जाल तर आंघोळ करून जा. नाहीतर माझ्यासारखा हेलपाटा पडेल. म्हणून आम्ही इथे येऊन करतो.”

“त्या बाईचं ऐकलंत कशाला?” चौकशीबाई तावातावाने म्हणाल्या. “भांडायचं होतं!”

“ती ओरडली असती तर भांडलोच असतो,” पत्रेवाली म्हणाली. “ओरडणाऱ्याचं आम्ही कधी मनावर घेतो का? रोज ऐकतो. पण ती फार गोड बोलली म्हणे. मावशी म्हणाली. एवढ्या मायेने कुणी सांगितलं तर ते आपल्या भल्याचंच असणार, नाही का?”

“कुठल्या खिडकीवर?” चौकशीबाईंनी विचारलं.

“तिसऱ्या,” काचवाली म्हणाली.

चौकशीबाईंना पुढचा प्रश्न सुचेना. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं असेल. सहा वर्षांपूर्वी तिसऱ्या खिडकीत कोण बसायचं, हे त्यांना कुणाला विचारायची गरज नव्हती. त्याआधी दोन वर्षं आणि त्यानंतर एक वर्ष तिथे त्याच बसत होत्या. त्यांनी ती बाई आठवायचा प्रयत्न केला. आजोबांचा गुडघा आठवला, त्यांच्या सुनेचं माहेर आठवलं. खोकणारी बाई आठवली नाही. ते वाक्य बोलल्याचंही आठवलं नाही. आणि तरी ते आपलंच होतं हे त्यांना पक्कं कळलं, कारण त्या सगळ्यांशी गोडच बोलायच्या आणि त्याचा त्यांना अभिमान होता. येईल त्याला भंडावून सोडणाऱ्या त्यांनी त्या एकीला एवढंसुद्धा विचारलं नव्हतं, की मावशी, काय होतंय तुम्हाला?

बोलता बोलता तासभर उलटून गेला होता. नळाने घशातून आवाज काढला आणि पाणी सुरू झालं. सव्वानऊ. पहिली बाई चादरीआड गेली. सर्वांचा हिशेब ठरलेला होता, एकीला सात-आठ मिनिटं. काचवाली सातवी. म्हणजे तिचं आवरेपर्यंत दहा वाजून जाणारच होते.

चौकशीबाईंनी घड्याळ पाहिलं. “हिला आधी जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “हिची आज शेवटची तारीख आहे. आज चुकली तर फाइल बंद होईल.”

“माझीपण शेवटचीच आहे,” कागदवाली म्हणाली. रांगेतल्या आणखी एकीने मान हलवली. सगळ्यांचीच कुठली ना कुठली शेवटची होती.

“मग ताई, तुम्ही आत्ता चला,” चौकशीबाईंनी काचवालीचा हात धरला. “अशाच चला. मी आहे ना सोबत.”

काचवालीने हात हळूच सोडवून घेतला. “डॉक्टरीणबाई मला इथे हात लावणार,” ती छातीकडे बघत म्हणाली. “तशी कशी जाऊ? मला नाही जमणार, बाई. फाइल बंद झाली तर झाली.”

समजावण्यात अर्थ नव्हता. आपण सहा वर्षांपूर्वी पेरलं ते आता दोन मिनिटांत कसं उपटणार? बाईंना स्वतःचा राग आला, आणि रागाच्या भरात माणसाला कधी कधी सरळ गोष्ट दिसते तशी त्यांना दिसली. या बायकांना खिडकीवर नेता येत नव्हतं. ठीक आहे. नियम काय म्हणतो? दहाच्या आत नोंदवहीत नाव पाहिजे. नोंदवही कुठे पाहिजे, हे नियमात कुठेच नव्हतं. तो नियम तळघरात तिसऱ्या कपाटात होता आणि तो त्यांनी दोनदा वाचला होता. दुसरं कोण वाचणार?

त्या पळाल्या. पन्नाशी उलटलेली, गुडघ्यांची कुरकुर असलेली बाई जशी पळेल तशा पळाल्या. खिडकीमागे हेडक्लार्क साहेब आरामात चहा पीत होते. बाईंनी त्यांच्यासमोरची नोंदवही उचलली आणि काखेत मारली.

“अहो! अहो, कुठे चाललात?” साहेबांचा चहा बशीत सांडला.

“नावं लिहायला!”

“नावं खिडकीवर लिहितात!”

“कुठे लिहिलंय तसं? दाखवा!” त्या दारातून ओरडल्या. साहेब नियम शोधायला खण उघडतील आणि त्यात त्यांची दहा मिनिटं जातील, हे त्यांना ठाऊक होतं. साहेबांनी खण उघडलाच.

लाँड्रीच्या मागे परत आल्या तेव्हा त्यांना धड श्वास घेता येत नव्हता. नळाशेजारच्या दगडावर बसून, मांडीवर वही ठेवून त्यांनी लिहायला सुरुवात केली. नाव, वय, कुठला विभाग. दोघी आंघोळ उरकून केस पुसत होत्या, तिसरी चादरीआडून मोठ्याने नाव सांगत होती. पाण्याचे शिंतोडे उडून शाई दोन ठिकाणी पसरली. सातवं नाव काचवालीचं. त्यापुढे बाईंनी वेळ लिहिली, नऊ त्रेचाळीस, आणि सही केली.

“झालं. लागला नंबर,” त्या म्हणाल्या. “आता सावकाश आंघोळ करा. तपासणी एक वाजेपर्यंत चालते.”

बायकांना क्षणभर कळेचना. मग पत्रेवाली म्हणाली, “म्हणजे एवढंच होतं होय? इतकी वर्षं?” आणि ती हसायला लागली. त्या हसण्यात चीड होती, आणि ती रास्त होती.

साडेदहाला सगळ्याजणी गाठींच्या, छातीच्या, डोळ्यांच्या विभागांसमोर आपापल्या बाकांवर बसल्या. हेडक्लार्क साहेब एकदा येऊन वही घेऊन गेले. ओल्या पानाकडे बघत ते म्हणाले, “हे वरपर्यंत जाणार.” बाई म्हणाल्या, “जाऊ दे. एकोणीस फाइली आणि फाटकाच्या वह्या मीच सोबत घेऊन येते.” साहेब थोडे थांबले आणि मग गेले.

काचवाली बाकाच्या टोकाला बसली होती. ओले केस मानेवर चिकटलेले, धुतलेल्या कपड्यांवर घडीच्या रेघा. चौकशीबाई तिच्या शेजारी बसल्या. तळघरात जाता आलं असतं. कुणी काही विचारलं नव्हतं, आणि न सांगता हे जिरून गेलं असतं. बाईंना लाज वाटत होती, अगदी अंग चोरून बसावं अशी. पण आपण इतकी वर्षं लोकांकडून उत्तरं काढली आणि आपली पाळी आली की कानावर हात ठेवायचे, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

“तिसऱ्या खिडकीवर तेव्हा मी होते,” त्या म्हणाल्या. “तुमच्या जावेला मीच परत पाठवलं.”

काचवालीने मान वळवली. बाई शिव्यांची वाट बघत होत्या. खरं तर शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुम्ही होय,” काचवाली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीतरी फार दिवस अडलेलं विचारायला माणूस सापडल्यासारखं होतं. तिने दोन्ही हात पुढे केले, आधी तळवे, मग पालथे. नखं घासून घासून लाल झाली होती. “मग तुम्हीच बघा, बाई. आम्हाला कधी नक्की कळलंच नाही. एवढं पुरतं का?”

चौकशीबाईंनी ते हात आपल्या हातात धरले. साबणाचा वास येत होता. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण तोवर सिस्टरने दार उघडून काचवालीचं नाव पुकारलं.

“पुरतं,” त्या कशाबशा म्हणाल्या. “तिचंही पुरलं असतं, ताई. पहिल्यांदा आली होती, तशीच.”

काचवालीने हात काढून घेतले, ओले केस मागे सारले आणि ती आत गेली.